चोरीची तारीख आणि फिर्यादीची तारीख

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण एका कल्हईवाल्याला मी कोठडीत घातलं, ते अजून मनातून जात नाही.

संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं, त्यानंतरची ही गोष्ट. ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका ठाण्यावर मी नवा सब-इन्स्पेक्टर होतो. वडील संस्थानी फौजेत शिपाई. शिंदे की छावनीतल्या आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे सांख्यिकीचा एक पेपर होता, त्यात जेमतेम पास झालो होतो. म्हणून पुढे जे सांगतो त्यात माझी फार हुशारी होती असं कृपया समजू नये.

त्या काळी राजधानी दोन ठिकाणी असे. उन्हाळ्याच्या तोंडाशी कचेऱ्या इंदूरला जायच्या आणि दिवाळीच्या सुमारास ग्वाल्हेरला परत यायच्या. कारकून मंडळी घरं बंद करून बायकामुलांसह जात. त्या कार्तिकात आमच्याकडे फिर्यादींची रांग लागली. तांब्याच्या हंड्या, घंगाळी, बंब गेलेले; कुलपं मात्र शाबूत.

खबऱ्याने सांगितलं की एक कल्हईवाला दर कार्तिकात येतो, भांड्यांसाठी घराघरांत शिरतो. मी उत्साहाने जुनी रजिस्टरं काढली आणि महिनावार तक्ता केला. मागच्या वर्षीही भांड्यांच्या चोऱ्या कार्तिकातच. ठाणेदारांनी तक्ता पाहून माझी पाठ थोपटली. एरवी ते मला ‘प्रोफेसर’ म्हणून चिडवत. माझ्या तक्त्यावरच त्या माणसाला धरून आणलं.

दोन दिवस चौकशी चालली. तो एकच सांगत होता, मी कुणाचं भांडं नेलं नाही. त्याच्याजवळ मुद्देमाल नव्हता. ठाणेदार म्हणाले, “विकला असेल. उद्या मला द्या, बोलेल.” बोलेल म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

त्याची बायको फाटकाशी भाता घेऊन बसलेली असे. ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त अवघडल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी मी तिला विचारलं, तुम्ही नेमके कार्तिकातच का येता? तिने मूर्खाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

“साहब, घर खुलेंगे तभी तो आएँगे. बंद घर में कौन कलई करवाता है?”

मी परत टेबलाशी गेलो. घरं उघडतात म्हणून कल्हईवाला येतो. आणि घरं उघडतात म्हणूनच चोरी कळते. माझ्या तक्त्यात चोरीची एकही तारीख नव्हती. सगळ्या फिर्यादीच्या होत्या. चोरी त्याआधीच्या सहा महिन्यांत कधीही झालेली असू शकत होती. हे इतकं साधं मला सुचलं नव्हतं, याची लाज वाटली.

मग मी पुन्हा सगळ्या नोंदी चाळल्या. एकच नोंद ज्येष्ठातली होती. ती कार्तिकात बसत नव्हती, म्हणून मी आधी बाजूला टाकली होती. दाना ओली नावाच्या गल्लीतल्या एका कारकुनाच्या आईला इंदूरला करमेना, म्हणून त्या एकट्याच परत आल्या होत्या. ठाणेदारांकडून एक दिवस मागून घेतला आणि सकाळी मी त्या आईंकडे गेलो.

“आता आलात का?” त्या म्हणाल्या. “मी परतले त्याच दिवशी ठाण्यात आले होते. तुमच्या मुन्शींनी लिहून घेतलं आणि म्हणाले, दिवाळीनंतर मुलाला घेऊन या.”

त्यांच्याकडून दुसरी गोष्ट कळली. इंदूरला निघण्याआधी त्यांनी एका किल्ल्या करणाऱ्या कारागिराकडून कुलपाला नवी किल्ली करवून घेतली होती. बाकीच्या घरी विचारलं, तर बहुतेकांनी त्याच कारागिराचं नाव घेतलं. झडतीत त्याच्याकडे जादा किल्ल्या सापडल्या आणि मागच्या खोलीत काही भांडी. पंचनामा झाला. मग त्याने सांगितलं की अर्धं शहर इंदूरला गेलं की गिऱ्हाईकही जातं, घरात खायला नव्हतं. ते खोटं नसावं. पण त्याच्यामुळे दुसरा माणूस कोठडीत आहे हे त्याला ठाऊक होतं.

कल्हईवाला त्याचा साथीदार असेल, असं ठाणेदारांचं म्हणणं होतं; त्याचं निर्दोषपण वेगळ्याच कागदाने ठरलं. त्याच्यासारख्या फिरत्या जमातीच्या लोकांना तेव्हा मुक्कामाच्या ठाण्यावर हजेरी द्यावी लागे, गुन्हा असो वा नसो. कारकुनाच्या आई घर बंद करून गेल्या तेव्हापासून परत येईपर्यंत त्याची हजेरी रोजच्या रोज भेलशाकडच्या, म्हणजे आजच्या विदिशेकडच्या, एका ठाण्यात लागली होती. कागद आला त्या दुपारी ठाणेदारांनी सुटकेवर सही केली. मी त्याची माफी मागायला हवी होती. नुसतं “जाओ” म्हटलं.

आकड्यांवरचा माझा विश्वास त्यामुळे उडाला नाही. पुढे तक्ता करताना मात्र आधी विचारायची सवय लागली, की ही नोंद घटनेची की आमच्यापर्यंत ती पोचल्याची. आणि नोंद कुणी केली, कशासाठी. चुकत असेन, पण निम्म्या चुका मला तिथेच सापडल्या.

काही वर्षांनी हजेरीचा तो कायदा उठला. त्या कार्तिकात कल्हईवाला ठाण्यात येऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याला समजावलं, आता यायची गरज नाही, तू मोकळा आहेस.

तो हलला नाही.

“लिख लीजिए, साहब,” तो म्हणाला. “उस बार लिखा हुआ था, तभी छूटा.”

हजेरीचं रजिस्टर बंद झालं होतं. मी एका कोऱ्या कागदावर त्याचं नाव आणि तारीख लिहिली, खाली सही केली आणि तो कागद त्याच्याच हातात दिला.