बसूचा पुण्यातला मित्र

सोलापूरला गाडीतून उतरलो आणि फलाटावरच मनात आलं, मागे फिरावं. सकाळीच ऊन चटकत होतं, पण त्याची तक्रार नाही; याच गावात कॉलेजची वर्षं होस्टेलवर काढलीत. भीती वेगळी होती. बसवराजच्या, म्हणजे माझ्या बसूच्या बायकोचा फोन आला होता, "भावजी, एकदा येऊन जावा. ह्ये आता माणसं वळखंनात. मराठी तर पार गेली, नुसतं कानडी बोलत्यात."

बसू कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचा. घरात कानडी, बाहेर मराठी. आमची दोस्ती होस्टेलच्या खोलीत जमली ती सगळी मराठीतच, कारण मला कानडीतलं ओ की ठो कळत नाही. पुढे तो घरच्या डाळीच्या व्यापारात गेला आणि मी पुण्यात तत्त्वज्ञान शिकवत बसलो. एका प्राचीन ग्रीक विचारवंताचं मैत्रीबद्दलचं म्हणणं दरवर्षी वर्गात सांगायचो: काही मैत्री उपयोगाची, काही मौजेची, आणि एखादीच निव्वळ त्या माणसासाठी केलेली, असा मित्र म्हणजे आपलाच दुसरा जीव. बसूला हे ऐकवलं तर म्हणाला, "एवढंच सांगायला पगार घेतोस व्हय रे?" आता मला एवढंच हवं होतं, की त्यानं मला एकदा ओळखावं.

एसटी स्टँडसमोर कडक भाकरी (वाळवून कुरकुरीत केलेली ज्वारीची भाकरी) आणि शेंगाचटणी पुढ्यात आली. एरवी दोन हाणल्या असत्या. त्या दिवशी घास तोंडातच फिरत राहिला. निम्मी टाकून उठलो.

अक्कलकोटच्या अलीकडे एसटी पंक्चर झाली. सगळे उतरून बाभळीखाली उभे राहिलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुटं जायाचं?"

"दुधनीला. दोस्ताला भेटायला."

"बरं हाय न्हवं त्येला?"

"नाही."

"मग आलात ते बरं केलं," म्हणत त्यानं स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. चहूकडे तुरीचे खुंट उरलेली काळी रानं, भेगाळून पडलेली. गाडी पुन्हा निघाली तोवर ऊन डोक्यावर आलं. पुढे गाडीतलं बोलणं हळूहळू कानडी होत गेलं, आणि माझा धीर सुटत गेला.

वहिनी दारातच उभ्या होत्या. "लई उशीर केला की भावजी."

बसू पलंगावर बसला होता. पांढरा सदरा, कपाळावर विभूती (भस्माचे पट्टे). अरे देवा, केवढा वाळला होता! त्यानं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाला, "यार?"

मला रडूच फुटलं. "होय रे बसू, यार!" मी त्याचे दोन्ही हात धरले. थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, "यार?" मी पुन्हा "होय, यार!" असं कितीदा झालं कोण जाणे. वहिनी पदरानं तोंड पुसत आत निघून गेल्या. मला वाटलं, त्यांनाही भरून आलं.

जेवायला बसलो तोच दाराची कडी वाजली. वहिनींनी चुलीजवळूनच आवाज दिला, "यार?" बाहेरून शेजारणीनं आपलं नाव सांगितलं.

माझा हात ताटातच थांबला. "वहिनी, यार म्हणजे?"

त्यांनी मान खाली घातली. "कोण, म्हणून इच्यारत्यात, भावजी. तुमी कोण म्हणून. तुमाला येवढा आनंद झाला, माजी जीभच रेटंना."

असा संताप आला म्हणता! पण रागवायचं कुणावर? शेवटी विचारलं, "मित्राला काय म्हणता तुम्ही?"

"गेळ्या."

बसूसमोर जाऊन बसलो. वहिनींनी घोकून घेतलेलं वाक्य म्हणालो, "ना निन्न गेळ्या" (मी तुझा मित्र). त्यानं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि नाही अशी मान हलवली. "नन्न गेळ्या पुण्यादाग हान."

"त्येंचा मित्र पुण्याला असतो म्हणत्यात," वहिनी भिंतीकडे बघत म्हणाल्या.

निघताना मी पुण्याला चाललोय असं वहिनींनी सांगितलं, तशी बसूनं त्यांना खूण करून तुरीच्या डाळीची पिशवी आणवली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "अंवग कोड्री" (त्याला द्या). उभ्या जन्मात बसू मला 'अरे'शिवाय बोलला नव्हता. आता 'द्या'! अनोळखी माणसाशी बोलावं तसं, अदबीनं.

"देतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. दुसरा जीव वगैरे इतकी वर्षं शिकवलं, ते खरंच होतं म्हणायचं. फक्त तो मला सोडून बसूजवळच राहिला होता. पुणे जवळ येत चाललं. तिथं बसूचा मित्र राहतो, आणि सगळं गेलं तरी बसूला त्याची अजून आठवण आहे. मला त्या माणसाचा फार हेवा वाटला.