सासूबाईंची घाटातली जागा

आमच्या सासूबाईंनी आयुष्यभर शर्यतीचे बैल सांभाळले आणि बैलगाड्याची एकही शर्यत पाहिली नाही. घाट म्हणजे आमच्या जुन्नर-आंबेगावकडे बैल पळवायची धावपट्टी, आणि तिथं बायकांनी जायचं नाही अशी रीत. पहाटे उठून बैलांना खुराक त्याच चारायच्या, निघताना कुंकू लावायच्या, भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या, आणि बैल टेम्पोत चढले की अंगण झाडायला घ्यायच्या. संध्याकाळी सासरे गुलालानं माखून आले म्हणजे जिंकलो, पाय न धुताच ओसरीवर बसले म्हणजे हरलो. त्यांच्या वाट्याला शर्यत आली ती एवढीच.

मी डिंगोऱ्याची, लग्न होऊन आण्याला आले. त्यानंतर काही वर्षांनी, नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा, आमच्या भागातून मोटारींची आणि मोटारसायकलींची लांब पल्ल्याची रेस जायला लागली. दोन दिवस चालायची. माळशेजकडून निघून डिंगोरे, ओतूर, पिंपरी पेंढार असं करत, मध्येच कच्च्या रस्त्यांना घुसत, आमच्या आणे घाटाशेजारची जुनी दगडगोट्यांची वाट चढून ती पठारावर यायची. सगळ्या गाड्या एकदम सोडत नसत. एक सुटली की थोड्या वेळानं दुसरी, आणि प्रत्येकीचा वेळ घड्याळावर वेगळा. शहरातल्या पाहुण्यांना हे समजावताना माणसांचे घसे बसायचे. आमच्याकडे बैलगाडेही असेच एकेक करून घड्याळावर पळतात, आणि प्रत्येकाच्या पळण्याला बारी म्हणतात. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे बारीच की. मग हातातलं पीठ झटकून पुढचं बोलल्या.

"रस्त्यावर हाय ना ही? मंग रस्ता काय एकट्या बाप्यांचा न्हाई. मला एक शर्यत पयल्यापासनं शेवटापातुर बघायचीय. घरी येऊन कुणी सांगायची न्हाई."

सासऱ्यांनी गर्दीचं कारण काढलं, धुळीचं काढलं, लोक काय म्हणतील तेही काढून झालं. सासूबाईंनी भांडण केलं नाही. आपण गवताला जाणार आहोत, वाटेत रेस आडवी आली तर आपला इलाज नाही, असं सांगून त्यांनी विळा आणि दोर उचलला. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या. सून म्हणून मी त्यांच्यावर एरवी जितकी चिडायची, तितकीच आवडल्या.

पहिल्या वर्षी आम्ही इतरांचं बघून वळणावर उभ्या राहिलो. सगळा गाव तिथंच होता. गाडी येताना कानठळ्या बसायच्या, गेल्यावर तोंडात माती यायची, आणि मधलं काहीच दिसायचं नाही. शिवाय आम्ही वळणाच्या बाहेरच्या अंगाला होतो. एक मोटार वळली नाही आणि सरळ आमच्या दिशेनं घसरत येऊन बांधाला टेकली. पळताना माझी चप्पल गेली ती गेलीच. सासूबाई मात्र घरी येईपर्यंत एकच बोलत होत्या, की गाडी फसते ती बाहेरच्या अंगाला, तेव्हा माणसानं आतल्या अंगाला आणि उंचावर असावं.

दुसऱ्या वर्षी मी त्यांना माझ्या माहेरी नेलं. डिंगोऱ्याला रेस ओढ्यातून जायची. तिथं गाड्या हळू होतात, पोरं पाण्यात पडतात, उठून हसतात, चेहरेसुद्धा दिसतात. मला तीच जागा सगळ्यात भारी वाटली आणि मी तसं म्हणालेही. सासूबाईंनी आईच्या हातचा चहा घेतला, जागेचं कौतुक केलं आणि परतीच्या एसटीत मला हळूच ऐकवलं, की पोरगं पाण्यात कुठून आलं अन् पुढं त्याचं काय झालं ते कळलंच नाही. हा तर नुसता मधला घास झाला.

तिसऱ्या वर्षी त्या तयारीला लागल्या. रेसच्या आधी रेसवाले रस्त्याकडेच्या दगडांवर चुन्याचे बाण काढत, तेवढ्या खुणेवर त्यांनी वाट वरपासून खालपर्यंत पायी तुडवली. गवत आणायचं नाव होतंच. मीही बरोबर असायची आणि कुरकुरत असायची. प्रत्येक उंचवट्यावर त्या थांबायच्या, चिमूटभर माती हातातून सोडायच्या आणि ती कुठं जाते ते बघायच्या. धान्य वाऱ्यावर उफणताना भुसा आपल्या अंगावर येऊ नये म्हणून बाई जशी उभी राहते, तसा तो हिशोब होता. ऊन पाठीशी हवं, वारा पाठीशी हवा, आणि डोळ्यांपुढं पायथ्यापासून माथ्यापर्यंत वाट हवी. शेवटी त्यांना डोंगराची एक पुढं आलेली सोंड सापडली. या चढाचा वेळ वेगळा मोजायचे, म्हणून गाड्या एकेक करून सोडायला खाली पायथ्याशी निशाण घेऊन माणूस उभा राहणार होता, तेही तिथून दिसत होतं, आणि वर जिथं वेळ मोजणार होते तो मांडवही. मधली सगळी वळणं उघडी होती. मी इतकी वर्षं त्या गावात राहत होते आणि ती सोंड मला फक्त करवंदांसाठी माहीत होती. असली माणसं आपल्या घरात भाकऱ्या थापत असतात याचा मला त्या दिवशी खरोखर अभिमान वाटला.

रेसच्या दिवशी सासरेही आले. बायकांना एकटं कसं सोडायचं, हे त्यांचं कारण. आल्याबरोबर म्हणाले, की लई लांब आहे, इथून काय मुंग्या बघायच्या का. मग पहिली मोटारसायकल सुटली आणि ते पुढं सरकून बघायला लागले. ती सुटताना दिसली, खडीवर लटपटताना दिसली, दोन वळणं कापून सावरताना दिसली आणि मांडवापाशी पोचतानाही दिसली. सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. अशा कितीतरी गेल्या. दुपार कलली. चांगल्या चांगल्या गाड्या संपल्या, तसे खालच्या वळणावरचे लोक निकाल ऐकायला वर मांडवाकडे पळाले.

तेवढ्यात शेवटची एक सुटली आणि निम्म्या चढाला बंद पडली. साखळी तुटली असावी. तो पोरगा खाली उतरला आणि ढकलायला लागला. तसल्या चढाला रिकामं चालताना आमचा जीव जातो. गावातले दोघं मदतीला धावले, त्यानं हातानंच नको म्हटलं. तसा नियम असावा. मग ते दोघं हात मागं बांधून त्याच्या बरोबरीनं नुसते चालत राहिले.

सासरे उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, चला आता, संपली रेस, वर जाऊन निकाल ऐकू. सासूबाई हलल्या नाहीत.

"निकाल तुमी जल्मभर आणलाच की घरी," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "बैल जिंकलं का हरलं ते कळायचं. पळलं कसं, ते कंदी कुणी सांगितलं न्हाई मला."

सासरे उभेच राहिले. मग सासूबाईंच्या शेजारी खाली बसले. मला वाटलं तिथून निघून जावं, पण मीही बसून राहिले. तो पोरगा दर वळणाला गाडीला दगड लावायचा, गुडघ्यांवर हात टेकून श्वास घ्यायचा, दगड काढून पुन्हा ढकलायचा. आम्ही तिघं बघत होतो. तो मांडवात पोचला तेव्हा तिथं टाळ्या वाजवायला जेमतेम चार-दोन माणसं होती. सासूबाईंचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

घरी आलो, दिवेलागणीला शेजारचे दोघं-तिघं नेहमीसारखे ओसरीवर जमले. शर्यत कुठलीही असो, सांगायची ती सासऱ्यांनी, असा रिवाज. शेजाऱ्यांनी विचारलं, कशी झाली. सासरे तंबाखू मळत होते. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि सासूबाईंना हाक मारली.

"जरा भाईर ये. ही मानसं शर्यत इचारत्यात," ते म्हणाले. "मला काय सांगाया येणार? जागा तुजी व्हती. तू सांग."

त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि पायथ्याच्या निशाणापासून सांगायला लागल्या.