बोटाएवढा माईक

शिगवणकाका कुणाच्याही घरी व्हिडिओ काढायला गेले की आधी पंखा बंद करायला लावत. मग फ्रिज. घरातली माणसं घामाघूम होऊन एकमेकांकडे बघत, आणि काका हेडफोन लावून, डोळे मिटून उभे. फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून स्वतःच्या घराची किल्ली त्यात ठेवून द्यायचे. "चित्र काय, कुणीही काढतं रे," मला म्हणायचे, "आवाज येतोय का ते बघ आधी."

मूळचे गुहागरकडचे, भाईंदर पूर्वेला आमच्याच इमारतीत राहायचे. बारशी, साखरपुडे, साठीशांती अशी त्यांची कामं. मी ऑफिसातला कारकून, रविवारी हौसेने त्यांच्याबरोबर जायचो आणि स्वतःला मोठा कॅमेरामन समजायचो.

त्यांच्या अश्विनीचं लग्न ठरलं आणि त्याच महिन्यात काकूंच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. लग्न उरकून ऑपरेशन करायचं ठरलं. काकू मंगलाष्टकं स्वतः रचायच्या आणि गायच्याही. लेकीच्या लग्नात एक तरी म्हणणारच, असा त्यांचा हट्ट. काकांना तो आवाज हवा होता. बाकी लग्नाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं.

पण आवाज तोवर पार बारीक झाला होता. म्हणून काकांनी नवा माईक घ्यायचं ठरवलं, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसेल असा, बोटाएवढा. दुकानदार डब्यांवरची माहिती वाचून दाखवायला लागला तसे काका म्हणाले, "सेठ, डब्बा मत दिखाओ, बजाके दिखाओ." एकेक माईक घेऊन ते रिक्षांच्या हॉर्नमध्ये रस्त्यावर उभे राहिले आणि मला चार हातांवरून पुटपुटायला लावलं. बॅटरीवाला माईक त्यांना एरवी मुळीच चालत नसे. "माणूस चालू करायला विसरतो," हे त्यांचं ठरलेलं. पण माझं पुटपुटणं नीट उचललं ते बॅटरीवाल्यानेच. तोच घेतला.

लग्नात काका मुलीचे बाप, म्हणून कॅमेरा माझ्या हातात. सकाळी त्यांनी स्वतः मला फेटा बांधला. त्यावर हेडफोन बसेना. फेटा उतरवायचा सोडून मी हेडफोन गळ्यात अडकवला. फोटोत रुबाबदार दिसायचं होतं ना मला! पाहुण्यांचं स्वागत टिपून झाल्यावर बॅटरी वाचवायला माईक बंद केला, आणि मंगलाष्टकांना चालू करायचा साफ विसरलो. बाहेरचा माईक जोडला की कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक ऐकणं सोडतो, हेसुद्धा मला पाठ होतं. काकू खुर्चीत बसून गायल्या. मी त्यांच्या ओठांवर कॅमेरा धरून उभा होतो, अगदी मन लावून. पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये नुसता हॉलचा कालवा आला.

घरी जाऊन लावून बघितलं तेव्हा काकूंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. तरी चार दिवस तोंड उघडलं नाही. काकूंचं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर काकांना सांगितलं. थोबाडीत देतील असं वाटलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "फेटा मीच बांधला तुला." आणि उठता उठता, "तिला सांगू नकोस. आवाज राहिलाय असं वाटू दे तिला."

त्यानंतर त्यांनी मला कधी कामाला बोलावलं नाही. जिन्यात भेटले की "काय, बरं ना?" एवढंच विचारायचे. चिडले असते, तर मला माफी तरी मागता आली असती.

गेल्या वर्षी काका झोपेतच गेले. तेराव्याला काकूंनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि मोबाईलवर लिहून दाखवलं, "अश्विनीला दिवस गेलेत. बाळाला माझा आवाज ऐकवायचाय. मला स्वतःला तो ऐकणं सोसलं नसतं, म्हणून इतके दिवस मागितला नाही. हे म्हणायचे, तुझ्याकडे नीट ठेवलाय."

खरं सांगायची हीच वेळ होती. समोर काकांच्या फोटोला हार घातलेला होता, आणि माझी जीभ रेटेना.

"शोधून देतो, काकू," मी म्हणालो.

काकूंनी मला हात जोडले.