ताईची दारं वाजवायची रीत

माझ्या ताईला मार खायची सवय नव्हती, द्यायची होती. लहानपणी गल्लीतल्या एका पोरानं मला ढकललं, तर तिनं त्याचं डोकं नळाच्या खांबावर असं आपटलं की त्याची आई आमच्या दारात येऊन रडली. आमच्या आईनं ताईला बडव बडव बडवलं. ताई मार खाता खाताच म्हणाली, "परत ढकललं तर परत आपटीन." पुढे ती घरांची दलाली करायला लागली तेव्हा मला वाटलं, आता गिऱ्हाइकांशी गोड बोलावं लागेल, नाकावरचा राग खाली उतरेल. कसला उतरतोय!

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. पुढे काच, आत टेबल आणि भिंतभर खिळ्यांना लटकलेल्या किल्ल्या. रंगकाम, कुलपं, नळ हे सगळं माझ्याकडे. एकदा दोन पुरुष आले, बरीच वर्षं जोडीनं राहणारे, डोक्यावर पांढरे केस. घर दाखवायला गेलो तर मालक त्यांच्या तोंडावर म्हणाला, "असल्यांना मी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा देणार नाही." ताईनं त्याच्या कानाखाली अशी वाजवली की त्याचा चष्मा मोरीत जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी तिनं पेंटरला बोलावलं आणि काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: पुरुष-पुरुष असोत, बाई-बाई असोत, घर घ्यायचंय, विकायचंय, इथे या.

रंग वाळायच्या आत पहिला दगड आला. काच बदलली, दुसरा आला. एकदा शटरला घाण फासली, ती मीच धुतली. एका दगडवाल्याला ताईनं पकडलं आणि त्याची बोटं शटरखाली ठेवून शटर ओढलं. तो गुरासारखा ओरडला. मी म्हणालो, "ताई, हे जास्त झालं." तर म्हणते, "मग काच काय तुझा बाप भरून देणार आहे?" तिचा माझा बाप एकच, पण रागात तिला एवढं भान नसायचं.

गिऱ्हाइकं मात्र वाढली. बाकीचे दलाल अशा जोडप्यांना पढवायचे, मावसबहिणी आहोत म्हणा, एका गावचे आहोत म्हणा. ताईला ते मुळीच पटायचं नाही. "खोटं नातं सांगून घर घेतलं की जन्मभर खोटंच बोलत बसावं लागतं," ती म्हणायची. तिची रीत वेगळी होती. सौदा ठरायच्या आधी ती जोडप्याला घेऊन त्या मजल्यावरचं एकेक दार वाजवायची आणि सरळ सांगायची, "हे दोघं जोडपं आहे. शेजारी राहायला येतायत. कोणाच्या पोटात दुखणार असेल तर आत्ताच बोला." कोणी दार आपटायचं, कोणी शिव्या घालायचं. एकानं तर अंगावर उकळता चहा फेकला, माझ्या मानेवर अजून डाग आहे. जे तोंडावर भांडतात ते पुढे थंड होतात, असा तिचा हिशेब होता आणि बहुतेक वेळा तो खरा ठरायचा. तिला त्या रीतीचा फार गर्व होता.

मग ती नर्स आली. बारीक अंगाची, बोलताना दाराकडे बघणारी. सोबत तिची जोडीदारीण, कपडे शिवणारी, दणकट बाई. नर्सनं बसल्या बसल्या सांगून टाकलं, "ताई, माझा भाऊ मला शोधतोय. मागच्या वेळी सापडले तेव्हा त्यानं माझी बरगडी मोडली होती. आता सापडले तर जीव घेईल. मी कुठे राहते हे कोणालाच कळता कामा नये."

ताई म्हणाली, "माझ्या गिऱ्हाइकाला हात तर लावून बघू दे."

तिसऱ्या मजल्यावरचं घर दोघींना आवडलं. खिडकीशी शिवणाचं मशीन कुठे ठेवायचं यावरून त्या चक्क भांडल्या, इतकं आवडलं. बाहेर पडलो आणि ताई सवयीनं दारं वाजवायला निघाली. नर्सनं तिची बाही धरली. "नको ना, ताई." ताईनं हात सोडवला. "घाबरून राहायचं असेल तर घर कशाला घेतेस?" आणि तिनं दार वाजवलं.

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या. मधल्या घरानं दार लावून घेतलं. समोरच्या काकू मात्र हसल्या. "अगं, या की! मला काय, मुलीच आहात ना?" पाणी दिलं, नर्सच्या पाठीवरून हात फिरवला, कुठल्या गावची, कोणाची, असं सहज विचारलं. नर्स दाराकडे बघायला लागली. ताई इतकी खूश झाली होती की तिनंच सांगितलं, गाव आणि आडनाव दोन्ही. शिव्या देणाऱ्यांना ती बरोबर ओळखायची, पण हसणाऱ्यांशी कसं वागायचं हे तिला ठाऊकच नव्हतं.

किल्ली द्यायच्या दिवशी मी बाहेरच्या बाजूनं दाराला नवीन लॅच बसवत होतो, ताई माझ्याशेजारी उभी होती. दोघी आत खोकी उघडत होत्या. भर दुपारी जिन्यावर पावलं वाजली. पुढे एक माणूस, हातात लोखंडी पाइप, मागे आणखी दोघं. चेहरा हुबेहूब नर्सचा. मी काही बोलायच्या आत ताईनं दार बाहेरून ओढून घेतलं. लॅच बसला. किल्ली तिच्या मुठीत.

"किल्ली दे, ए बाई."

"विकलेलं घर आहे. मालकिणीला विचारून ये."

पहिला पाइप तिच्या खांद्यावर बसला. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन धावलो, तर एकानं मला जिन्यावरून ढकललं. खालच्या पायरीवर तोंड आपटलं, दोन दात जिभेवर आले. वर बघतो तर ताई दाराला पाठ लावून बसलेली आणि तो तिच्या मुठीवर बुटाची टाच आपटतोय. एकदा, दोनदा, परत. हाडांचा आवाज मला खालपर्यंत ऐकू आला. ताईनं त्याच्या पोटरीचा असा चावा घेतला की तोंड रक्तानं भरलं, पण मूठ उघडली नाही. मजल्यावरची सगळी दारं बंद होती. काकूंचंसुद्धा.

आतून नर्स ओरडली, "मी बाहेर येते! सोड त्यांना!"

"आलीस तर मीच मारीन तुला!" ताई किंचाळली.

दार आतून उघडलं. ताई मागे कोसळली. बाहेर आली ती शिवणवाली, हातात आत राहिलेला माझा हातोडा. तिनं तो नर्सच्या भावाच्या गुडघ्यावर घातला. तो खाली बसला. मग खांद्यावर घातला. तिसरा घाव डोक्यावर बसला असता, पण नर्सनं तिचा हात धरला. बरोबरचे दोघे जिन्यावरून मला तुडवत पळाले.

पोलीस आले तेव्हा भाऊ भिंतीला टेकून हसत होता. "घर कळलं ना आता," तो बहिणीला म्हणाला. "आत टाकतील, सोडतील. मी आहेच."

नर्स ताईचा हात बांधत होती. खोक्याचा पुठ्ठा फाडून तिनं त्याची पट्टी केली, बोटं सरळ केली. ताई कळवळत होती, पण चेहऱ्यावर विजय होता. ती म्हणाली, "बघितलंस? दिली नाही किल्ली."

"त्याला इथला पत्ता कोणी दिला, ताई?"

ताईनं समोरच्या काकूंच्या बंद दाराकडे बघितलं.

"मी नको म्हणाले होते. तुमची बाही धरली होती. हिंमत तुमची होती, ताई, मान आमची होती." ती रागानं बोलली नाही. तिनं गाठ मारली, नीट दाबून बघितली. "हे घर विकून टाका. आम्ही निघतो."

त्यांनी खोकी तशीच टाकली. शिवणवालीनं मशीन तेवढं खांद्यावर घेतलं. माझी ताई, जिनं कोणापुढे मान खाली घातली नव्हती, ती मोडका हात छातीशी धरून जिन्यावरून त्यांच्या मागे मागे उतरली. फाटकाशी त्यांची रिक्षा थांबलेली होती.

"कुठे जाताय एवढं तरी सांगा," ती म्हणाली. "मी येईन अधूनमधून. काही लागलं तर."

नर्स रिक्षात बसली.

"नको, ताई," ती म्हणाली. "तुम्हाला तर नकोच."

रिक्षा गेली. ताई फाटकातच खाली बसली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. एवढा मार खाऊन ती रडली नव्हती. मी तिच्याशेजारी बसलो. तोंडातलं रक्त थुंकलं आणि तिचा मोडका हात माझ्या मांडीवर घेतला.