दुसऱ्यांचा धूर

माझ्या काकांनी आयुष्यात एकही सिगारेट ओढली नाही. तरी ते घरी येत, तेव्हा त्यांच्याआधी धुराचा वास आत यायचा. एका हॉटेलच्या बँडमध्ये ते अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. तळघरातला हॉल, बुटकं छत, जाड पडदे आणि टेबलाटेबलावर काचेची रक्षापात्रं. पहिलं गाणं संपेपर्यंत मागच्या टेबलांवरची माणसं दिसेनाशी होतात, असं ते सांगत. तिथे त्यांना सगळे मास्तर म्हणायचे.

काकूला या वासाचा मनस्वी तिटकारा. ती घरी शिवणकाम करायची. लोकांचे नवे कपडे खोलीभर टांगलेले असत, आणि कपड्याला वास लागला तर गिऱ्हाईक हातचं जाणार. म्हणून लग्नानंतर लवकरच तिने फर्मान काढलं: कोट दाराबाहेर आणि ती गळ्यात अडकवायची भात्याची पेटी गॅलरीत. काकांनी वाद घातला नाही. वाद घालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. झालं असं, की ज्या वाजवण्यावर घर चालत होतं, ते घरात कधी वाजलंच नाही. काकूने ती पेटी लग्न ठरलं तेव्हा एकदा ऐकली होती, तेवढीच. हॉटेलात जाऊन बसणं तिला झेपणारं नव्हतं.

पुढे हॉटेलच बंद झालं. काका म्हातारपणाकडे झुकले होते. आता पेटी विकून टाकू, म्हणाले. लोक यायचे, आवाजाबद्दल विचारायचे आणि पेटीजवळ वाकले की नाक मुरडायचे. एकाने तर पेटी ठेवायच्या डब्याचं झाकण उघडलं आणि आत कुणी झोपलं असावं तसं हळूच परत लावलं. शेवटी शाळेत संगीत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी पेटी वाजवून पाहिली, त्यांना ती आवडली. पण म्हणाल्या, ही अशी मुलांच्या हातात देता येणार नाही, वास गेला तर मी नक्की घेईन.

काकूने पदर खोचला. कपड्यावरचे डाग काढण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. तिने पेटी पहिल्यांदाच घरात आणली, कापड बेतायच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने एकेक पट्टी पुसायला घेतली. भांड्यातलं पाणी काळ्या चहासारखं झालं. पट्ट्यांचा पिवळा रंग सुटून खालून दुधासारखा पांढरा वर आला.

"अहो, ही तर पांढरी आहे," काकू म्हणाली.

"मला वाटलं वयाने पिवळी पडली," काका म्हणाले. "आपण पडतो तशी."

मग काकांनी स्क्रू काढून पेटी उघडली. आतल्या चामड्याच्या झडपा चिकट झाल्या होत्या, आणि सूर देणाऱ्या पोलादी पात्यांवर धुराचा तपकिरी थर बसला होता. पाती मऊ ब्रशने आणि स्पिरिटच्या बोळ्याने साफ केली, झडपा नव्या बसवल्या. भाता पुठ्ठ्याचा आणि कापडाचा, त्याला पाणी लावायची सोय नव्हती. तो कपाटात ठेवून भोवती कोळशाचे तुकडे आणि खाण्याच्या सोड्याच्या वाट्या मांडल्या. सोडा बदलत राहिले. वास एका दमात गेला नाही. पाहुणा उठतो म्हणत बसून राहावा, तसा रेंगाळला. डब्याचं आतलं मखमली अस्तर काकूने सरळ फाडून फेकलं आणि नवं शिवलं.

पेटी जोडून काका वाजवायला बसले आणि पहिल्याच ओळीत चुकले. पुन्हा चुकले. सूर तालाच्या आधी येत होता. धुराने माखलेली पाती उशिरा बोलत, म्हणून काकांची बोटं इतकी वर्षं नकळत जराशी आधीच पडत होती. आता पाती हाक मारताच ओ देत होती आणि बोटांना धीर नव्हता.

म्हणून ते रोज बसू लागले. काकू मशीन चालवता चालवता सांगायची, अहो, पुढे पळताय. बाई पेटी न्यायला आल्या. काका म्हणाले, आठवडाभराने देतो. बाई परत आल्या, तेव्हाही तेच. तिसऱ्या वेळी काकूनेच त्यांना बसवून सांगितलं, "बाई, तुम्ही दुसरी बघा. यांची आत्ता कुठे सुरू झालीय." बाई हसल्या. पुढे काका त्यांच्याबरोबर जुन्या वाद्यांच्या दुकानात गेले आणि एक चांगली पेटी निवडून दिली.

त्या सुमारास काकांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून विचारलं, दिवसाला किती ओढता? काकू उखडलीच; यांनी काडीसुद्धा पेटवली नाही म्हणाली. काकांनी शांतपणे त्या हॉलबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली. घरी येताना काका एवढंच म्हणाले, "पेटीचे स्क्रू तरी निघत होते." काकू हसली नाही.

त्यानंतर काका काही वर्षं होते. जिना चढताना दम लागायचा, पण बसून थोडं थोडं वाजवता यायचं. एका दुपारी मी ब्लाउजचं माप द्यायला गेले होते. काकांनी एक संथ चाल घेतली आणि शेवटपर्यंत नेली. कुठेही घाई नाही. मशीन कधी थांबलं, कळलं नाही.

"हे तुम्ही तिथे वाजवायचात?" काकूने विचारलं.

"रोज. शेवटचं हेच असायचं."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं, तर आली असतीस?"

काकूने खरंच विचार केला. "नसते आले," ती म्हणाली. मग मांडीवरचं कापड बाजूला ठेवून ती त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसली, आणि काकांनी भाता पुन्हा उघडला.