कारण सांगायचं नाही

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अनितांचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून उभा होतो. "शिरसाठ, सिसिलियाबाई गेल्या," एवढंच त्या म्हणाल्या. ईस्टर होऊन चारच दिवस झाले होते. आदल्या शनिवारी छातीत दुखतंय म्हणून बाईंना रुग्णालयात ठेवलं होतं, बुधवारी संध्याकाळी मी भेटूनही आलो होतो. तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि "हॉलच्या खुर्च्या सांगून ठेवल्यात का?" असं त्यांनी मला विचारलं होतं. त्यामुळे बातमी ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता, हे कबूल करतो. विचार आला तो असा, की आमचा नियोजनाचा दिवस दहा दिवसांवर आलाय आणि या बाईंनी नेमकी आत्ताच दांडी मारली. मग दूध उतू गेलं, आणि मग रडू आलं.

आता दोन महिने होत आले. लिहावं की लिहू नये, यातच बरेच दिवस गेले. का, ते पुढे येईलच.

आधी आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं, कारण कॅथलिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फादर आणि सिस्टर एवढेच येतात. आम्ही चौदा-पंधरा जण साधी प्रापंचिक माणसं. कोणी बँकेत, कोणी शाळेत, बरेचसे निवृत्त. विश्रांतवाडीला एक छोटं कॉन्व्हेंट आहे, तिथल्या सिस्टरांच्या संस्थेशी आम्ही जोडलेले आहोत. त्यांच्यासारखी व्रतं आम्हाला नाहीत, पण त्यांची जी शिकवण आहे ती आपापल्या घरात, नोकरीत, शेजारात जगायची असा शब्द आम्ही वेदीपुढे दिलेला आहे. महिन्यातून एकदा जमून चिंतन करायचं, आणि वर्षातून एकदा, ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी, दिवसभर बसून पुढच्या वर्षाचं नियोजन करायचं. सिसिलिया साळवे या आमच्या मंडळाच्या ना अध्यक्ष होत्या ना सचिव. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांची हयात गेली, लग्न केलं नाही, आणि बोलणं आयुष्यभर तीन मिनिटांच्या कॉलसारखं राहिलं. मोजकं, स्पष्ट आणि मध्येच तोडलेलं.

आमचं पहिलं नियोजन मला अजून आठवतं. मोठाले कागद, रंगीत पेनं, गट पाडून चर्चा. आम्ही भिंतभर लिहिलं होतं… वंचितांपर्यंत पोहोचणे, युवकांत जाणीव निर्माण करणे, कुटुंबांत प्रार्थनेचे वातावरण रुजवणे. मला स्वतःला ते फार सुंदर वाटलं होतं, 'रुजवणे' हा शब्द तर माझाच होता. सिसिलियाबाई चष्मा कपाळावर चढवून भिंतीपर्यंत गेल्या, सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "छान आहे. यातलं कोण, कुणाच्या दारात, कधी जाणार?" मी हातातल्या पेनाला टोपण लावलं. तेव्हा त्यांनी एक साधी वही काढली आणि प्रत्येकाच्या नावापुढे एकच ओळ लिहून घेतली. तिच्यात 'रुजवणे' वगैरे चालणार नव्हतं. माणसाचं नाव हवं आणि त्याचं दार हवं. शिवाय आणखी एक ओळ प्रत्येकाने आपल्या घरातली द्यायची. जगाची सेवा करताना घरात कुठे अडलंय ते.

खरी गंमत पुढच्या वर्षी कळली. नवं काही ठरवायच्या आधी बाईंनी तीच वही उघडली आणि गेल्या वर्षीच्या ओळी एकेक करून वाचायला लागल्या. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं आणि 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढंच म्हणायचं. माझ्यापुढे लिहिलं होतं, 'फ्रान्सिसकाकांकडे महिन्यातून एकदा जाणे.' फ्रान्सिसकाका म्हणजे आमच्यातलेच एक वृद्ध, अर्धांगामुळे अंथरुणाला खिळलेले. मी वर्षात एकदाही गेलो नव्हतो. पण मी घाबरलो नाही, कारण एका सरकारी खात्याच्या तक्रारींच्या खिडकीत मी पस्तीस वर्षं काढली होती, आणि काम का झालं नाही हे सांगण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. मी गुडघ्यापासून सुरुवात केली. गुडघा, मग स्कूटर, मग मुलीचं बाळंतपण.

"शिरसाठ," बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "झालं की नाही झालं?"

"अहो, पण कारण तरी ऐकून घ्या."

"कारण सांगायचं नाही. खरं असलं तरी सांगायचं नाही. काकांना त्याचा काय उपयोग?"

मी "नाही झालं" म्हणून बसलो आणि पुढचे दोन महिने सभेला फिरकलो नाही. समजूत घालायला कोणीतरी येईल अशी माझी अपेक्षा होती. बाईंचा फोन आला तो असा : "शनिवारी चिंतन आहे. पाच वाजता." ठेवला. त्या शनिवारी मी गेलो, आणि रविवारी फ्रान्सिसकाकांकडेही गेलो. त्यांना बोलता येत नव्हतं, पण माझा हात त्यांनी अर्धा तास सोडला नाही. काका गेले त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत मी जात राहिलो. पुढच्या वर्षी उभा राहून ताठ मानेने "झालं" म्हणालो तेव्हा कौतुकाचा एखादा शब्द येईल असं वाटलं होतं. बाई म्हणाल्या, "बसा."

त्या वहीत बाईंचं स्वतःचंही नाव होतं, आणि घरातल्या ओळीपुढे दर वर्षी तेच लिहिलेलं असायचं, 'मार्टिनच्या घरी जाणे.' मार्टिन हा त्यांचा धाकटा भाऊ, धायरीला राहतो. त्याने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका बौद्ध मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. त्याबद्दल बाई एका चिंतनात एकदाच बोलल्या होत्या, तेही तीन वाक्यांत. "मी लग्नाला गेले नाही. आईला जायचं होतं, तिलाही जाऊ दिलं नाही. चूक माझी." आई त्यानंतर वर्षभरातच गेली, आणि मार्टिनने बहिणीशी बोलणं सोडलं. आता त्यांनी जाऊन माफी मागायची, एवढंच राहिलं होतं. पण दर वर्षी आपलं नाव स्वतःच वाचून त्या उभ्या राहायच्या, "नाही झालं" म्हणायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. अशी आठ वर्षं गेली.

आम्ही माणसंच आहोत. कुजबुज व्हायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी स्वतः दोघा-तिघांच्या कानात बोललो आहे. आणि दोन वर्षांपूर्वी चहाच्या वेळी तर तोंडावरच म्हणालो, "बाई, धायरी काय परदेशात आहे? दोन बस लागतात." त्यांनी कप खाली ठेवला, "हो, दोनच लागतात," म्हणाल्या आणि बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, गप्प केलं बाईंना. हे वाक्य मी परत घेऊ शकत नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

त्या गेल्या आणि प्रश्न आला की नियोजनाचा दिवस घ्यायचा की पुढे ढकलायचा. सिस्टर अनिता म्हणाल्या, तुम्ही ठरवा. बहुतेकांचं मत ढकलावा असं होतं. मी म्हणालो, खुर्च्या सांगून झाल्यात. दिवस झाला. पण सकाळच्या प्रार्थनेनंतर रोझी, बँकेत काम करणारी आमच्यातली सगळ्यात तरुण बाई, चाचरत म्हणाली, "मला वाटतं, यंदा ते वाचन नको. त्यांचा फोटो ठेवू, एक गीत म्हणू. पुढच्या वर्षीपासून आपण काहीतरी पॉझिटिव्ह करू या ना… म्हणजे शेअरिंगसारखं." माना डोलल्या. ज्याला त्या वाचनाचा सगळ्यात जास्त राग यायचा तो मी, पण माझाच आवाज चढला. "फोटो कशाला? बाईंना फोटो आवडायचे नाहीत. वही आण आणि वाच. आज वाचलं नाही तर परत कधीच वाचणार नाही आपण, आणि मग भिंतीवर 'रुजवणे' लिहीत बसू." रोझीला मी फार जोरात बोललो, नंतर तिची माफी मागितली. पण तिने वही आणली आणि वाचायला लागली.

झालं. नाही झालं. झालं. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "सिसिलिया साळवे. मार्टिनच्या घरी जाणे." सगळे खाली बघत बसले होते, आणि रोझी पान उलटायच्या बेतात होती. हे असंच सोडून पुढे जाणं मला अशक्य वाटलं. मी उभा राहिलो, "नाही झालं" म्हणालो आणि म्हणालो, "माझ्या नावावर लिही."

दुसऱ्याच दिवशी गेलो. धायरीत पत्ता शोधायला वेळ लागला, ऊन मी म्हणत होतं. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते मार्टिनच्या पत्नीने, वंदनाताईंनी. मी बाईंच्या मंडळातला, एवढं सांगितल्यावर त्यांनी बाजूला होऊन मला आत घेतलं. मार्टिन गॅलरीत उभे होते. त्यांना त्याच दिवशी नातेवाइकांकडून कळलं होतं. "मातीला आलो नाही," ते म्हणाले, "कुठल्या तोंडाने येणार?"

मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "त्यांना इथे यायचं होतं. दर वर्षी ठरवायच्या. राहून गेलं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "राहून कसं गेलं?" वंदनाताई म्हणाल्या. "यायच्या की. दर वर्षी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्या वर्षी वर आल्या, बेल वाजवली. हे म्हणाले, उघडायचं नाही. त्यानंतर खालीच बसायच्या, पार्किंगजवळच्या बाकावर, तास-दीड तास. मी पाणी घेऊन खाली जायचे. माझी माफी त्यांनी पहिल्याच वर्षी मागितली. मी म्हटलं, चला वर, मी आहे ना. तर म्हणाल्या, त्याने बोलावलं तरच."

"मी इथून बघायचो," मार्टिन म्हणाले. "यंदाही सोमवारी बघत होतो. दार उघडायचं वगैरे काही ठरवलं नव्हतं, खोटं कशाला बोलू… नुसता बघत होतो. आली नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमच्यात काय सांगायची? भाऊ दार उघडत नाही, असं?"

"नाही."

"मग?"

"'नाही झालं' एवढंच म्हणायच्या. आमच्यात कारण सांगायचं नसतं."

ते कठड्याला धरून उभे राहिले आणि मोठ्याने रडले. त्यांच्यापुढे मीही रडलो. वंदनाताईंनी आम्हा दोघांना चहा दिला आणि म्हणाल्या, रविवारी आम्हाला त्यांची कबर दाखवा. रविवारी दोघे आले. मार्टिनना प्रार्थनेचे शब्द आठवत नव्हते, मी पुढे म्हणत गेलो आणि ते मागून म्हणत गेले.

मे महिन्याच्या सभेत रोझीने वही उघडली. बाईंची ओळ वर्षभर ताटकळत ठेवायची नाही, असं तिनेच ठरवलं होतं. "शिरसाठ. मार्टिनच्या घरी जाणे." मी उभा राहिलो, "झालं" म्हणालो. पुढे मी काही सांगेन म्हणून सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. सगळं ओठांवर आलं होतं. पण बाई ज्या खोलीत आठ वर्षं गप्प राहिल्या, त्या खोलीत मला बोलवेना. रोझी म्हणाली, "बसा." मी बसलो. वाचन आता दर वर्षी होणार, यावर मग चर्चासुद्धा झाली नाही.

हे लिहू का, म्हणून मार्टिनना विचारलं. ते म्हणाले, "लिहा, माझ्या नावानिशी लिहा." सभेत मी नियम पाळला, इथे मोडतो आहे, आणि बाई असत्या तर त्यांनी हा कागद वाचून न बोलता परत केला असता, हेही मला ठाऊक आहे. पण मंडळातले निम्मे लोक त्यांना अहंकारी समजत होते, आणि त्यांत सगळ्यात पुढे मी होतो. त्यांच्याकडे कारण होतं. आमच्या सगळ्यांच्या कारणांपेक्षा खरं होतं, आणि आठ वर्षांत त्यांनी ते एकदाही सांगितलं नाही.