गाली की गाळी

आमच्या घरात माझ्या कानडीची एक गोष्ट चवीनं सांगतात — मास्तरांना ‘गाली’ आणि ‘गाळी’ यांतला फरक कळला नाही, आणि मोटार कलंडली! कानडीत गाली म्हणजे चाक, गाळी म्हणजे हवा. नातवंडं हसतात, मीही हसतो. पण त्या गोष्टीतली एक जागा मी आजवर झाकून ठेवली आहे. बायकोपासूनसुद्धा. तुम्हालाच का सांगतो आहे — कोण जाणे.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा काळ. मी धारवाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो आणि तिथल्याच सप्तापुरात थोरल्या चुलतभावाकडे, अण्णांकडे, राहायचो. अण्णा वकील. त्यांच्याकडे एक जुनी मोटार होती आणि ती चालवायला बसप्पा. मला चालवण्याची हौस नव्हती — मला तिचे आवाज ऐकायचे असत. कुठला आवाज कुठून येतो, आणि का? वहिनी म्हणत, ‘भावजींनी मोटारीशीच लग्न लावावं.’

एकदा मागून नवाच आवाज यायला लागला. टक्. गाडी हलताना एकदा, मागे घेताना पुन्हा एकदा. चालती असताना मात्र गप्प! बेअरिंग झिजलं असतं तर ते सारखं घुमलं असतं ना? मग हे काय? सुट्टीच्या दिवशी मी मागची बाजू जॅकवर उचलली. चाक वरखाली हलवून पाहिलं — घट्ट. गिअर टाकून तेच चाक फिरवायला गेलो, तर जरासं पुढे, जरासं मागे. टक्. मधल्या नटाभोवती तांबडी पूड होती. आमच्याकडे तांबडी धूळ कुठं नसते? पण पुसली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. बोटांवर चोळून वास घेतला — लोखंड!

म्हणजे मागचा आस झिजत होता. ज्यावर चाक बसतं तो दांडा. दांडा आणि चाक जखडणारी एक लोखंडी पाचर असते, कारागीर तिला चावी म्हणतात. तिची खाच रुंदावली असणार. की आवाज त्याहून आतून, दात्यांच्या चाकांतून येत होता? की दोन्हीकडून? एखाद्या लांब चढावर, भार पडल्यावर, कान लावला असता तर कळलं असतं. हुबळीच्या कारखान्यात गाडी दिली की ते मला आत उभं करत नसत. म्हणून मी अण्णांना काहीच सांगितलं नाही. एक फेरी, फक्त एक — असं मनाशी म्हणत राहिलो.

एका दाव्याच्या कामासाठी अण्णांना अळणावरला जायचं होतं. मीही निघालो होतो. सकाळी बसप्पा दाराशी आला. अण्णा सोवळ्यात, पूजेला बसलेले. त्या वेळी बसप्पानं उंबरा ओलांडायचा नाही आणि अण्णांनी बाहेर यायचं नाही, हा घरचा शिरस्ता. निरोप न्यायचा मी. बसप्पा म्हणाला, “हिंदिन गाली सडल आगेद री. अण्णावरिगे हेळ्री, इवत्त गाडी ब्याड.” मागचं चाक सैल झालंय, अण्णांना सांगा, आज गाडी नको.

त्याचं बरोबर होतं. मला तर त्याच्याआधी ठाऊक होतं.

मी आत गेलो आणि — हीच ती जागा — म्हणालो, “बसप्पा म्हणतो, मागच्या चाकात हवा कमी आहे.” अण्णांनी हातानंच खूण केली, भरा. बाहेर येऊन मी बसप्पाला सांगितलं, “अण्णा म्हणाले, हळू चल, चालेल.” आणि स्वतः पंप मारला. म्हणजे चुकून नव्हे. ल आणि ळ यांतलं ते अंतर मला उंबऱ्यावरच सुचलं होतं, आणि सुचल्याचं कौतुकही वाटलं होतं.

अळणावरच्या अलीकडे, झाडी लागल्यावर चढ आला. मी मागे वाकून ऐकत होतो. टक्, टक् — मग एक वेगळाच, कोरडा आवाज. चाक आमच्या पुढे पळत गेलं आणि मोटार कलंडली. आस खाचेपाशीच मोडला होता. खोटं कशाला बोलू? अण्णा कण्हत असताना, बसप्पाचं मनगट लोंबत असताना मी आधी तो मोडलेला दांडा पाहिला. माझा अंदाज खरा निघाल्याचा मला आनंद झाला होता.

अण्णांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “मला गाळी ऐकू आलं.” अण्णा बसप्पावरच उखडले, “तोंडातली तंबाखू थुंकून बोलायला काय झालं होतं?” त्याची नोकरी गेली. मनगट वाकडंच जुळलं. हँडल मारून गाडी सुरू करणं त्याला पुढे जमलं नाही, म्हणून दुसऱ्या कुणीही त्याला ठेवलं नाही.

काही वर्षांनी धारवाडजवळच्या रायापुरात तो भेटला. कुणाच्या तरी बागेत पाणी सोडत होता. मला पाहून स्वतःच पुढे आला, ओशाळून हसला. “तंबाखू सोडलो बघा, मास्तर. माझ्या तोंडानं अण्णांचा जीव जात होता की.” मग जीभ दातांमागे लावून, पोरांना शिकवावं तसं, सावकाश म्हणाला, “गा-ली. आता बरोबर येतंय काय हो?”

मी म्हटलं, “हो. आता नीट ऐकू आलं.”